आडोसा

लपंडाव खेळला नाही असा मुलगा आमच्या पाहण्यात नाही. कणगीमागे किंवा कडब्याच्या गंजीमागे श्वास रोखून बसावे आणि ज्याच्यावर राज्य आले आहे तो दोन हातांवरून निघून जावा, यात मोठा आनंद आहे. तो पकडले न जाण्याचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक तो, आपण त्याला पाहत आहो व तो आपणांस पाहत नाही, या जाणिवेचा आहे. शिकारी जो आडोसा करतो त्याचे मूळ हेच. आज या आडोशाविषयीच आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे चार शब्द मांडावे असे योजिले आहे. आम्ही काही शिकारी नाही. बंदूक आम्ही कधी हाती धरली नाही. परंतु बालपणी एकदा एका आडोशात पाच तास बसण्याचा योग आम्हांस आला, आणि त्या पाच तासांनी व त्यामागून आलेल्या एका दिवसाने जे शिकविले, ते पुढे पुष्कळ पुस्तके वाचूनही पुसले गेले नाही.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, देवगाव फाटा म्हणून ठिकाण आहे. जिंतूरकडून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यास सेलूकडून येणारा रस्ता येथे मिळतो. चहाची दुकाने, गाडीची वाट पाहत बसलेले उतारू, आणि चोहोंकडे दूरवर पसरलेली काळी जमीन. मधूनमधून मुरमाड माळ आणि त्यावर बाभळी व बोरी. या फाट्यापासून आत काही अंतरावर आमच्या मामांचे शेत होते. आठवीची परीक्षा आटोपून आम्ही चैत्र महिन्यात तेथे गेलो, तेव्हा तूर व कापूस निघून गेले होते. फक्त विहिरीजवळच्या तुकड्यात उन्हाळी भुईमूग उभा होता. रानडुकरे रात्री येऊन तो उकरीत, म्हणून मामांनी राखणीस एक म्हातारा ठेविला होता. तो जातीने फासेपारधी. ओढ्याच्या काठी त्याची झोपडी होती. घरात ही मंडळी आपसांत जी बोली बोलत ती आम्हांस गुजरातीसारखी वाटे. आमच्याशी मात्र म्हातारा गावच्या मराठीत बोले. त्याला सारे जण नुसते ‘बाबा’ म्हणत.

पारध म्हणजे मृगया, आणि पारध करणारा तो पारधी. फासे लावून हरणे व पाखरे धरणारे ते फासेपारधी. मध्यप्रांतातील जातींविषयी रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांच्या अनेक शाखा दिल्या आहेत. त्यांतील एक शाखा बैलाच्या आडून सावज गाठणाऱ्यांची आहे. ही विद्या म्हाताऱ्याच्या वडिलांस अवगत होती, व लहानपणी तो स्वतः त्यांच्या मागोमाग चालला होता. संध्याकाळी बाजेवर बसून त्याने ती आम्हांस समजावून सांगितली. हरिण माणसाला पाहून पळते. परंतु चरणाऱ्या गाईला पाहून पळत नाही, कारण गाय ही त्याच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून पारधी गाय अशी शिकवून तयार करी की, दोरीच्या हलक्या इशाऱ्याने तिने चरत चरत पुढे सरावे, थांबावे, पुन्हा सरावे. ती सरळ हरणावर कधी चालून जावयाची नाही. तिरपी तिरपी, जणू गवताच्या लोभाने, जवळ जावयाची. पारधी तिच्या पलीकडच्या अंगास, कंबरेत वाकून, आपली पावले तिच्या पायांबरोबर टाकीत चाले. असा हा चालता बोलता आडोसा!

याच तत्त्वावर जुने शिकारी काळविटाच्या मागे बैलगाडीतून जात. गाडीवान शेताकडे निघाल्यासारखा गाडी हाकी, आणि वळसे घेत घेत ती जवळ नेई. कोल्हापूरच्या संस्थानात शिकारी चित्ते पाळीत. त्यांनाही डोळ्यांवर टोपी घालून असेच गाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत असत. पुढे मोठेपणी आम्ही वाचले की, रिचर्ड व चेरी कीर्टन या दोघां इंग्रज बंधूंनी १९०० सालच्या सुमारास पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याकरिता बैलाचे कातडे ताणून आतून पोकळ असा एक खोटा बैल बनविला होता व ते त्यात शिरून बसत. हे वाचून आम्हांस म्हाताऱ्याच्या बापाची आठवण झाली. जगाच्या दोन टोकांची माणसे एकमेकांस न भेटता एकाच युक्तीला पोहोचली होती. भेद इतकाच की एकास पोटासाठी सावज हवे होते व दुसऱ्यास चित्र.

आडोसा पाहावा असा हट्ट आम्ही धरला. म्हातारा प्रथम हसला. आता पारध कोठली, तो म्हणाला. सरकारने बंद केली. ते खरेच होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर हौसेच्या शिकारीस मुळी जागाच उरली नाही. परंतु मारावयाचे नसले तरी पाहता येते, असे आम्ही म्हणताच त्याचे डोळे चमकले. ओढ्याचे पाणी आटून एकच डोह राहिला होता. त्याच्या पूर्वेच्या काठावर त्याने आडोसा उभारण्यास प्रारंभ केला, आणि त्या कामात त्याने आमची जी शिकवणी घेतली ती येथे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, आडोसा त्याच दिवशी वापरावयाचा नाही. रानात एकाएकी नवी वस्तू उगवली की पाखरे बिथरतात. तीन-चार दिवस तेथे ती रिकामी उभी राहिली म्हणजे तिला ती दगडधोंड्यांत गणू लागतात. दुसरी गोष्ट, हिरवा पाला तोडून लावू नये. तो सुकतो, रंग पालटतो व चुगली करतो. आमच्या आडोशाला तुराट्या, पऱ्हाट्या व वाळक्या बाभळीचे काटे होते. तिसरी गोष्ट, पाठ उघडी ठेवू नये. समोरून कितीही दाट झाकले, पण मागून उजेड येत असला, तर आत हलणारा माणूस छायेसारखा दिसतो. म्हणून मागे जाड पोते लावावे. चौथी, सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे सकाळचे ऊन पाखराच्या अंगावर पडते व आपण सावलीत राहतो. आणि पाचवी वाऱ्याची. “पाखरू डोळ्यानं वळखतं, डुक्कर नाकानं, अन् हरिण दोन्हीनं,” असे म्हातारा म्हणे. हरणासाठी बसावयाचे तर वारा सावजाकडून आपल्याकडे वाहिला पाहिजे. हे ज्ञान त्याने कोणत्या शाळेत घेतले नव्हते. परंतु आजचे प्राणिशास्त्र तेच सांगते. पक्ष्यांची दृष्टी रंगांच्या बाबतीत आपल्याहूनही तीव्र असते, आणि हरणाच्या डोळ्यांस तांबडा व हिरवा हा भेद नीट कळत नसला तरी किंचितही हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजता, घरात कोणास न सांगता, आम्ही मागच्या दाराने निसटलो. आईने रानात एकटे जाण्यास सक्त मनाई केली होती. म्हाताऱ्यास आम्ही गळ घातली की ही गोष्ट घरी सांगू नये. त्याने मान हालविली. आमच्या अंगात शाळेचा पांढरा सदरा होता. तो पाहून म्हाताऱ्याने कपाळास हात लाविला व आपली घोंगडी आमच्यावर टाकली. मग आम्ही बसलो. चिलटे चावत, पाय बधिर होत, आणि हलावयाची चोरी! उजाडता उजाडता दूर विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता. सहाच्या सुमारास वीज गेली व तो थांबला. त्यानंतर रानात जी शांतता पसरली तशी आम्ही कधी ऐकिली नव्हती. होय, शांतता ऐकूही येते.

प्रथम टिटवी आली, मग होले आले, मग एक मुंगूस. साडेआठाच्या पुढे आकाशातून काही वेगळाच घोगरा आवाज आला, आणि दहा-बारा मातकट पाखरे डोहापासून थोड्या अंतरावर उघड्या जमिनीवर उतरली. उतरताच ती अशी निश्चल झाली की मातीत मिळून गेली. ही भाट-तित्तरे, पुस्तकांत यांना पखुर्डी असेही म्हणतात. उघड्या माळावर राहावयाचे, कोरडे दाणे खावयाचे, आणि सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या पाणवठ्यावर यावयाचे, असा यांचा नेम असतो. या नेमामुळेच शिकाऱ्यांना यांची शिकार सोपी जाई. पाणवठ्यावर आडोसा करून बसले की सावज आपल्या पायांनी, नव्हे पंखांनी, चालून येई.

पाखरे पाणी प्याली व उडाली. एक नर मात्र मागे राहिला. तो पाण्यात पोटापर्यंत शिरला, पोटाची पिसे फुलवून अंग डोलवू लागला, आणि बराच वेळ तसाच राहिला. तो न्हात आहे असे आम्हांस वाटले. म्हाताऱ्याने आमच्या कानाशी तोंड आणून अगदी हलक्या स्वरात सांगितले, “पोरांसाठी पाणी न्यायलाय.” आम्हांस ते खरे वाटले नाही. परंतु ते अक्षरशः खरे आहे. या पक्ष्याच्या नराची पोटाची पिसे पाणी शोषून धरतात. तो दूर माळावर पिलांपाशी जाऊन उभा राहतो आणि पिले ती पिसे चोचीने ओढून पाणी पितात. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रज पक्षितज्ज्ञाने हे लिहिले तेव्हा पुष्कळ विद्वानांनी त्यावर विश्वास ठेविला नाही. १९६७ साली आफ्रिकेतील कलहारी प्रदेशात केड व मॅक्लीन या संशोधकांनी ते पडताळून पाहिले, तेव्हा कोठे शंका फिटली. आमच्या म्हाताऱ्यास ती शंका कधी आलीच नव्हती. परत येताना वाटेत तो म्हणाला, “बापानं मला सांगितलं व्हतं, जो पाण्यात डोलतो त्याला फासा लावू नको. एक मारला की तीन मरतात.” उपासमारीच्या दिवसांतही त्या आडोशात बसलेल्या माणसाने इतका विवेक राखला होता!

आम्ही दहा वाजता घरी पोहोचलो. आई शेजारी गेली होती. आमची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आम्ही मनात आनंदलो. परंतु तेवढ्यात मामा विहिरीवरून लाल होऊन आले. मोटारीची तांब्याची तार कोणी कापून नेली होती. सहापर्यंत मोटार चालू होती हे सर्वांनी ऐकिले होते. म्हणजे चोरी सहा ते दहा या वेळात झाली. घटकाभरात वीस-पंचवीस माणसे जमली, आणि कोणी शोध करण्यापूर्वीच सर्वांच्या तोंडी एकच नाव आले. राखण करणाराच पारधी. मग आणखी विचार कशाला? त्याला बोलावून आणिले. सकाळी कोठे होतास, असे विचारता तो म्हणाला, “डोहावर.” कोणाबरोबर, असे विचारता त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, आणि खाली पाहून म्हणाला, “एकटाच.”

वाचकहो, आम्ही तेथे, ओसरीच्या खांबामागे उभे होतो. बोलावयास एक वाक्य पुरेसे होते. परंतु आईची मनाई आठवली, मामांचा राग दिसत होता, आणि जीभ टाळूस चिकटली. लोक त्याच्या झोपडीकडे गेले. भांडी व चिंध्या बाहेर फेकल्या गेल्या; तार मिळाली नाही. त्याची सून रडत होती, आणि त्याचा नातू, जो आमच्याहून दोन इयत्ता खाली शिकत होता, दप्तर छातीशी धरून उभा होता. मुद्देमाल नाही तरी माणूस तर आहे, असे म्हणून त्याला सायंकाळपर्यंत चावडीपुढे बसवून ठेवण्याचे ठरले. आम्ही जेवावयास बसलो, घास उतरेना.

आमच्या शाळेच्या प्रार्थनेत पेत्राची कथा आम्ही अनेक वेळा ऐकिली होती. शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पेत्राने आपल्या गुरूला तीन वेळा नाकारिले आणि कोंबडा आरवला. ती ऐकताना आम्हांस नेहमी वाटे, की आम्ही तेथे असतो तर असे कधीच केले नसते. त्या दुपारी कळले की नाकारण्यासाठी ‘नाही’ म्हणावेही लागत नाही; खांबामागे उभे राहिले तरी पुरते. शिवाय आमच्या अपराधास एक अधिक काळी किनार होती. म्हातारा आमचे नाव सांगून क्षणात सुटला असता. दिलेल्या शब्दाखातर तो गप्प राहिला होता. सकाळी त्याने तुराट्यांचा आडोसा आम्हांस दिला होता. आता तो स्वतःच आमचा आडोसा झाला होता.

तिसऱ्या प्रहरी आम्ही चावडीवर गेलो आणि सर्वांसमक्ष सांगितले की पहाटे पाचपासून दहापर्यंत बाबा आमच्यापासून हातभरही दूर नव्हता. प्रथम कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा आम्ही मामांना डोहावर नेले, आडोसा दाखविला, आणि चिखलात उमटलेली आमच्या वहाणांची ठशी दाखविली. मामा बराच वेळ त्या ठशांकडे पाहत राहिले. मग ते परत आले, म्हाताऱ्यापुढे उभे राहिले व म्हणाले, “बाबा, चुकलं.” बाकीची माणसे काही न बोलता पांगली. तार कोणी नेली हे पुढे कधी कळले नाही. आईने आम्हांस रागे भरले ते मनाईसाठी नव्हे. दुपारभर गप्प राहिल्याबद्दल.

म्हाताऱ्याची क्षमा मागावयास आम्ही झोपडीवर गेलो, तेव्हा तो फेकलेली भांडी लावीत होता. तो एवढेच म्हणाला, “पाखरासमोर गप बसायचं असतं, लेकरा. माणसासमोर न्हाई.”

पुढे मोठेपणी वाचनात आले की त्या दिवशीची ती वीस-पंचवीस माणसे स्वतःच्या मनाने तसे वागली नव्हती. त्यांच्या मागे एक जुना इतिहास उभा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग खुला केला, आणि पारधी त्यात सापडले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट हा दिवस त्यामुळे विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, परंतु लोकांच्या जिभेवरून तो अजून उतरला नाही. ज्यांनी आयुष्यभर जनावरांपासून लपण्याची विद्या जोपासली, त्यांना अखेर माणसांपासून लपून राहावे लागले, यासारखी खेदाची गोष्ट कोणती?

आडोशातून मारणे न्याय्य की अन्याय्य हा वाद आपल्या देशात फार जुना आहे. झाडाआडून बाण मारल्याबद्दल वालीने रामचंद्रास जाब विचारला. त्यावर, लोक सावजाला फासे टाकून, लपून किंवा उघडपणे मारतातच, असेही एक उत्तर वाल्मीकींच्या रामायणात रामाने दिले आहे. त्या उत्तराने प्रत्येक वाचकाचे समाधान झाले असे नाही. पवित्र शास्त्रातील स्तोत्रकर्त्यानेही संकटातून सुटलेल्या जिवाला पारध्याच्या पाशातून सुटलेल्या पाखराची उपमा दिली आहे; म्हणजे त्याची सहानुभूती कोणाकडे होती हे उघड आहे. परंतु आमच्या मते खरा दोष आडोशाचा नाही. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली, व त्याची नोंद तेथे शिळेवर कोरलेली आहे. त्याच पाणथळीचे आज राष्ट्रीय उद्यान झाले असून लोक तेथे दुर्बीण घेऊन शांतपणे पाखरे पाहतात. आमच्या महाराष्ट्रातील कित्येक अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून माणसे रात्रभर जागतात, ती वाघ मारण्यासाठी नव्हे, तर त्याची नोंद घेण्यासाठी. मचाण तेच, बसणाऱ्याचे मन पालटले.

आडोशात बसणारास इतरांहून अधिक दिसते, आणि तो दिसत नाही. म्हणून त्याच्यावर दोन ऋणे चढतात. एक, जे आपल्या विश्वासाने पाण्यावर आले त्याचा घात न करणे. आणि दुसरे, जे आपण पाहिले ते, गरज पडताच, बाहेर येऊन सांगणे. पहिले ऋण आमच्या म्हाताऱ्याने व त्याच्या बापाने फेडले. दुसरे फेडावयास आम्हांस दुपारचे चार-पाच तास लागले, आणि तेवढ्या वेळाचे व्याज आम्ही अजून भरीत आहो.

बालमित्रहो, सुटीत तुम्हीही एखाद्या पाणवठ्यावर तुराट्यांचा आडोसा करून अवश्य बसा. मात्र घरी सांगून जा. तेथे मुकाट राहण्याची शिस्त शिका. आणि परत येताना ती शिस्त आडोशातच ठेवून या. कारण चावडीवर कोणी निरपराध बसला असेल, तर तेथे तुमच्या शब्दाची वाट पाहिली जात असेल.